पाठीवरचं स्वयंपाकघर

घर बघायला गेलो तेव्हा त्यात आधीचे भाडेकरू राहत होते. पांढराशुभ्र ओटा, ओव्हन, छतापर्यंत कपाटं. मला घर आवडलं ते खरं तर त्या ओट्यामुळेच. महिन्याभराने किल्ली हातात आली, दार उघडलं, तर ओटा नाही. कपाटं नाहीत. सिंकसुद्धा नाही. भिंतीतून डोकावणारे पाण्याचे पाइप आणि शेगडीसाठी एक जाडजूड वायर, बस्स.

"चोरी झाली की काय?" मी म्हटलं.

"सिंक कोण चोरतं?" नवरा म्हणाला.

मंडळी आपलं स्वयंपाकघर घेऊन गेली होती. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात, आणि बऱ्याच भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती खोली. ओटा भाडेकरूने बसवायचा आणि जाताना उचकटून पुढच्या घरी न्यायचा, नाहीतर नव्या भाडेकरूला विकायचा. जाहिरातीत 'एबेका' ही तीन अक्षरं असली तर ओटा घरासोबत मिळतो. आमच्या जाहिरातीत ती नव्हती, आणि नाहीत हे आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे ठाऊक होतं. त्यात सिंकही धरतात हे नव्हतं.

आणि हे घडावं फ्रँकफुर्टमध्ये! याच शहरातल्या नव्या वसाहतींसाठी १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. घरासोबत बसवूनच मिळणारं, तांदूळ-साखरेला ॲल्युमिनियमचे खण असलेलं, उभ्या जागी सगळं हाताशी येणारं. अशी सुमारे १०,००० बसवली गेली. आज जगभर ज्याला फिटेड किचन म्हणतात त्याची ही आजीच. रोमरश्टाट वसाहतीतल्या एका घरात ते अजून जपून ठेवलंय. मी मुद्दाम जाऊन बघून आले. आमची भांडी तेव्हा बाथरूमच्या बेसिनमध्ये घासली जात होती, त्यामुळे माझ्या बघण्यात कौतुकापेक्षा हेवा जास्त होता. या बाईंनी तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असं त्या स्वतःच सांगत. हे वाचून मला फार धीर आला. आमचाही ओटा कधीच ओटा न आखलेल्या दोघांनी आखला. ड्रॉवर उघडला की ओव्हनचं दार उघडत नाही.

दिव्यांचीही तीच कथा. प्रत्येक खोलीच्या छतातून वायरी लोंबत होत्या. पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात काढली. भाड्याचे दोन प्रकार मात्र जाहिरातीत ठळक होते: थंड भाडं आणि गरम भाडं. गरम म्हणजे हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून. वीज बहुतेकदा त्यातही नसते.

खरेदीला लागलो तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. प्रत्येक वस्तू दुकानात उभी राहून विचारते, "किती वर्षं राहणार?" नवऱ्याचं उत्तर तयार असायचं: "दोनच वर्षं तर काढायचीत." दोन वर्षांसाठी घडीचं टेबल पुरतं. खुर्च्या रस्त्यावर मिळाल्या. इथे नको असलेल्या वस्तू 'फुकट घ्या' अशी चिठ्ठी लावून फुटपाथवर ठेवतात, आणि अंधार पडल्यावर त्या उचलायला मला आधी लाज वाटायची. आता भर दुपारी उचलते. गादीत मात्र मी काटकसर करू दिली नाही. पाठ दोन वर्षांच्या कराराने मिळालेली नाही.

उशांबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. इथली नेहमीची उशी ८० बाय ८० सेंटिमीटरची, चौकोनी. तिच्यावर डोकं ठेवायचं की तिला पांघरायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आपण इथे राहतो हे पहिल्यांदा पटलं ते फर्निचरमुळे नाही, पाटीमुळे. फ्लॅटना नंबर नसतात. टपाल येतं ते आडनावावर. बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव नसलं तर पत्र परत जातं. नव्या पत्त्याची सरकारी नोंद दोन आठवड्यांत करायची असते, ती आम्ही वेळेत केली, पण पाटी विसरलो आणि बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. शेवटी मी कागदाच्या पट्टीवर दोघांची आडनावं लिहून चिकटवली. अक्षरं इतकी बारीक झाली की खालच्या मजल्यावरच्या आजी भिंग घेऊन आल्या आणि मोठ्याने वाचून, उच्चार बरोबर आहे का ते विचारून गेल्या.

भिंतीला भोक पाडायचा प्रश्न राहिला होता. भोक पाडायचं म्हणजे जाताना लांबी भरून रंग द्यायचा, आणि अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी अडकलेली. रविवारी तर ड्रिलचा आवाजही चालत नाही. त्यामुळे आरसा वर्षभर जमिनीवर टेकून होता आणि आम्हाला फक्त आमचे गुडघे दिसायचे. एका शनिवारी नवरा न बोलता ड्रिल भाड्याने घेऊन आला. आठ गिट्ट्या ठोकल्या. आरसा लागला, फळी लागली, पडदा लागला.

"दोन वर्षांचं काय झालं?" मी विचारलं.

"ड्रिल दिवसभरासाठी मिळतं," तो म्हणाला, "वाया कशाला घालवायचं?"

हे तिसरं वर्ष. पॅसेजमधल्या वायरीला तेवढा नुसता बल्ब आहे. शेड आणायचं राहूनच गेलंय.