पावसाळ्यातली मारुती ८०० : बॅटरी ठणठणीत, तरी सेल्फ उठेना

जूनअखेर

मंडळी, कार्ब्युरेटरचं काम सध्या बाजूला ठेवलंय. गाडी सुरूच होत नाही तर आयडलिंग कसलं जुळवणार! पाऊस लागल्यापासून ८०० चं एकच नाटक चाललंय. रात्री शेडमध्ये उभी करताना सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी सेल्फ जड, तिसऱ्या दिवशी चावी फिरवली की नुसतं टक्. डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, सॉलेनॉइड (सेल्फचा चुंबकी स्विच) एकदा वाजतो आणि खेळ खलास. घरासमोर खाडीकडे जाणारा उतार आहे म्हणून धक्का स्टार्टवर निभावतंय.

गाडी १९९६ ची, कार्बवाली. म्हणजे ईसीएम (इंजिनचा संगणक) नाही, सेंट्रल लॉक नाही, अलार्म नाही. चावी काढल्यावर करंट खाणारी एकच वस्तू, स्टिरिओची मेमरी. बॅटरी ३५ अँपियर-अवरची, अजून वॉरंटीत.

शेजारचे काका छत्री सांभाळत बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, "बॅटरी गेली तुझी. नवी घाल नि मोकळो हो." आमच्या आचऱ्याकडे निम्म्या गाड्यांचं निदान असंच होतं. नवी बॅटरी घातली की गाडी चार महिने चालतेही, कारण नवी बॅटरी तेवढा मार सहन करते. मग पुढच्या पावसात पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझं मत पक्कं आहे: समुद्रकाठी पहिला संशय तारांवर घ्यावा, बॅटरीवर सगळ्यात शेवटी. पण मत असून चालत नाही, मीटर लावावा लागतो.

आधी बॅटरीचाच निकाल

बॅटरी काढून पडवीत आणली. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. टर्मिनलवरची पांढरी-निळसर बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, सेलची बुचं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर ॲसिडच मारेल. मग ३.५ अँपियरवर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शावर, हळू चार्जिंग. मध्ये मध्ये लाईट जात होती, त्यामुळे वेळ लागला. पडवी उघडी असल्यामुळे गॅसची काळजी नव्हती. बंद खोलीत हे करू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

चार्जर काढल्यावर लगेच घेतलेल्या रीडिंगला काही अर्थ नसतो. वरवरचा चार्ज असतो तो, आकडा फुगवून दाखवतो. रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी मोजली: १२.६५ व्होल्ट. साधारण हिशोब असा की १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धी, १२ ला जेमतेम पाव. १०.५ च्या आसपास दिसलं तर बहुधा एक सेल मेला, कारण प्रत्येक सेलचे २.१ व्होल्ट असतात. हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल १.२४५ ते १.२५५ च्या मध्ये होते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असता तर काकांचं खरं ठरलं असतं. नव्हता.

मग गाडीत बसवून, इग्निशन कॉइलची तार काढून (इंजिन सुरू होऊ नये म्हणून) सेल्फ मारला. बॅटरीच्या खांबांवर १०.४ व्होल्ट. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर धरतात. म्हणजे बॅटरी सुटली. निर्दोष!

जुलै : टक् नेमकं कुठे अडतंय

इथून पुढे मजा आहे, आणि हीच चाचणी आपल्यातले बरेच जण करत नाहीत. मीटरचा कंटिन्युइटीचा (तार सलग असल्याचा) बीप ऐकून "तार चांगली आहे" म्हणायला काही अर्थ नाही. मोठी केबल आतून खाऊन दोन तंतू उरले तरी मीटर बीप देतो, पण त्या दोन तंतूंतून सेल्फचे शंभरेक अँपियर जात नाहीत. तार तपासायची तर तिच्यातून भार चालू असताना तपासायची.

सेल्फ फिरत असताना सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर मीटर धरला. ८.३ व्होल्ट! बॅटरीवर १०.४, सेल्फवर ८.३. मधले २.१ व्होल्ट वाटेत गळाले. आता गळती कुठल्या बाजूला? मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर), दुसरी सेल्फच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारला: ०.६. तसंच निगेटिव्ह खांब ते इंजिन: १.५. बेरीज बरोब्बर जमली. अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला इतकं जाणं म्हणजे फारच, तिथे ०.२ च्या वर गेलं की मी पाना हातात घेतो.

निगेटिव्ह केबल बॉडीला आणि बॉडीपासून विणलेली पट्टी गिअरबॉक्सला, अशी माझ्या गाडीतली अर्थिंगची वाट. वरून सगळं छान दिसत होतं. बॉडीकडचा बोल्ट सोडला तर लगच्या (केबलच्या टोकाची धातूची कडी) खाली पत्र्यावर गंजाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा भाकरीएवढा जाडा थर. पट्टी हातात घेऊन जरा वाकवली, तर तिचे तंतू कुरकुरीत होऊन तुटले आणि बोटांवर हिरवी पूड राहिली.

केबल मात्र बाहेरून नव्यासारखी. लगपाशी ब्लेडने रबर चिरलं तर आत तांबं काळंहिरवं. दोन बोटं मागे चिरलं, तेच. वीतभर मागे गेलो तेव्हा कुठे लालसर तांबं दिसायला लागलं. खारी ओल लगच्या तोंडातून शिरते आणि तंतूंच्या फटींतून वातीत तेल चढावं तशी आत आत चढत जाते. म्हणून टोक कापून नवा लग ठोकण्यात राम नाही. अख्खी केबल बदलायची, पट्टी आणि पॉझिटिव्हची केबलसुद्धा.

त्यासाठी मालवणात बंदराकडे गेलो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला, त्यामुळे होड्यांची वायरिंग करणारा माणूस निवांत सापडला. त्याच्याकडे कल्हई केलेल्या तांब्याची केबल मिळाली. तंतू चंदेरी दिसतात. जस्त नव्हे, कथिलाचा थर असतो. साध्या केबलपेक्षा महाग, पण होडीवाले उगाच पैसे घालत नाहीत. लग त्याच्याच हायड्रॉलिक दाबयंत्रावर दाबून घेतले आणि वर आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. सोल्डर नको म्हणाला तो, मलाही पटतं. सोल्डर जिथे संपतो तिथे केबल ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

पत्रा घासून चकचकीत केला, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस थापलं. सेल्फ आता खणखणीत. बॅटरीवर १०.३, सेल्फवर १०.०.

इथे थांबलो असतो तर ही नोंद छोटी झाली असती. पण गाडी उभी राहिली की बॅटरी अजून उतरतच होती.

चार्जिंगची बाजू

इंजिन दोनेक हजार आरपीएमवर, हेडलाईट आणि ब्लोअर चालू. अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बी टर्मिनलवर, म्हणजे करंट बाहेर येतो त्या बोल्टवर, १४.२, बॅटरीवर १३.५. अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आपल्या दारातले व्होल्ट बघून समाधानी, पुढे तारेत किती गळतात याचा त्याला पत्ता नाही. १३.५ वर बॅटरी चार्ज होते, पण आचरा ते कणकवलीच्या फेऱ्यांमध्ये वायपर आणि लाईट लावून पोट भरत नाही. बी टर्मिनल ते पॉझिटिव्ह खांब ०.७. ती तारही कल्हईवाली टाकली. फ्युजिबल लिंक (करंट फार झाला की वितळणारा तारेचा तुकडा) मात्र जागेवरच ठेवली. ती वगळून सरळ तार जोडण्याचा आगाऊपणा करू नका, गाडी पेटते.

आता राहिली उभ्या गाडीतली गळती, म्हणजे सगळं बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट. सगळं बंद, दारं लावलेली, निगेटिव्ह काढून मध्ये मीटर १० अँपियरच्या भोकात. (मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही.) आकडा ०.३४ अँपियर. अशा गाडीत ०.०२ सुद्धा जास्त वाटावेत! दिवसाला आठ अँपियर-अवर गेले, दोन दिवसांत जवळपास अर्धी बॅटरी. अर्धवट चार्ज झालेली असली तर तिसऱ्या दिवशी टक् वाजणारच.

एकेक फ्यूज काढत गेलो. फ्यूजबॉक्समध्ये मुंग्यांनी घर केलं होतं, तेही काढलं. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर ०.३४ चं ०.३३ झालं. बाकी कुठलाही फ्यूज काढा, आकडा ढिम्म. फ्यूजबॉक्समधून न जाणारी तार म्हणजे सेल्फची आणि अल्टरनेटरची. बॅटरी सोडून बी टर्मिनलची तार काढली, टेप गुंडाळून बाजूला केली, पुन्हा मोजलं: ०.०१. सापडला चोर.

खात्रीसाठी तार परत जोडून इंजिन चालू केलं आणि बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर लावला. अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) ठीक असले तर ०.१ च्याही खाली दिसतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की डायोडवर संशय. माझं ०.६. स्वस्तातल्या मीटरवाल्यांसाठी सूचना: आधी इंजिन बंद ठेवून बॅटरीवर एसी बघा. शून्य यायला हवं. काही मीटर तिथे पंचवीस-सव्वीस असलं काहीतरी भलतंच दाखवतात. तसला मीटर या कामाचा नाही.

अल्टरनेटर खोलला. डायोड मोडवर चांगला डायोड एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि उलट दिशेने काहीच नाही. पॉझिटिव्ह प्लेटवरचा एक डायोड दोन्हीकडून रीडिंग देत होता. त्यातून करंट उलटा स्टेटरमध्ये (अल्टरनेटरची स्थिर वाइंडिंग), तिथून फील्डच्या छोट्या डायोडमधून आत फिरणाऱ्या रोटरच्या कॉइलमध्ये. म्हणजे गाडी बंद असताना रात्रभर रोटर हलकासा लोहचुंबक होऊन बसलेला. खोलण्याआधी मागच्या बेअरिंगच्या झाकणाजवळ ब्लेडचा तुकडा धरून पाहिला होता. ओढला जात होता. मीटर नसेल तर ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डायोड कशाने गेला ते सांगता येणार नाही, गाडी माझ्याकडे तिसऱ्या हाती आलेली. पण आपल्याकडे "इंजिन चालू ठेव, बॅटरीची तार काढ, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक" ही चाचणी अजून सर्रास होते. जुन्या डायनमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरमध्ये बॅटरी ही व्होल्टेजचे झटके गिळणारी असते. ती अचानक काढली की क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर बळी जातो. कुणी करायला लागला तर हात धरा.

कणकवलीत रिवाइंडिंगवाल्याकडून डायोड प्लेट बदलून घेतली. कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश) अर्धे शिल्लक होते, पण खोललाच आहे तर नवे घातले. बेअरिंग ठीक.

गणपतीआधीची स्थिती

हेडलाईट लावून अल्टरनेटरवर १४.२, बॅटरीवर १४.०, एसी ०.०४, उभ्या गाडीची गळती ०.०१ आणि ती स्टिरिओची. आठवडाभर न हलवता ठेवली तरी पहिल्या चावीला सुरू होते. बॅटरी तीच आहे. काका अजून तिच्याकडे संशयाने बघतात.

चतुर्थीला चाकरमान्यांच्या नव्या गाड्या गावात येतील आणि कुणीतरी बॉनेट उघडून मला बोलावेल, म्हणून एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो: वरचे आकडे त्यांना सरसकट लावू नका. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज संगणक ठरवतो, चालू गाडीत १२.६ दिसलं तरी तो बिघाड असेलच असं नाही. आणि गळती मोजायची तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, तोवर आतली मॉड्यूल झोपत नाहीत.

पुढच्या वेळी कार्ब्युरेटर. फ्लोटची (आतलं पेट्रोल आवरणारा तरंगता भाग) लेव्हल बघायची आहे, पेट्रोलचा वास येतोय.