मिठाचा मुक्काम आणि स्टीलचा ग्रेड

डब्याच्या खोक्यावर 'फूड ग्रेड स्टील' असं ठळक छापलेलं असतं, पण त्या नावाचा ग्रेड स्टीलच्या कुठल्याच तक्त्यात सापडायचा नाही. भांड्यांच्या बाजारात येतात ते ३०४, २०२, २०१, ४३०, क्वचित ३१६. आणि ज्याचं नाव दुकानदार सहसा स्वतःहून काढत नाही, तो जे-फोर. यातलं कुठलं घ्यायचं हे ठरवताना आधी स्वतःलाच विचारावं: या भांड्यात मीठ किंवा आंबट किती वेळ मुक्कामाला राहणार आहे?

स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियम किमान साडेदहा टक्के असलं की हवा लागून वर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. या पापुद्र्याचा वैरी म्हणजे मिठातला क्लोराइड. तो सगळ्या पत्र्यावर पसरत नाही, एखादा कच्चा बिंदू गाठून तिथेच आत उतरत जातो. मसाल्याच्या डब्यातली मिठाची वाटी उन्हात तिरकी धरून बघा. बाकी वाटी चकचकीत, आणि तळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. नखाने चाचपलं तर नख अडकतं. ते डाग नव्हेत, खड्डे आहेत, आणि कितीही घासले तरी जाणार नाहीत. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तेव्हा हे काम जोरात चालतं.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्यालाच १८/८ म्हणतात. १८/१० हे काही त्याहून वरचं वेगळं स्टील नव्हे. ३०४ च्या व्याख्येतच निकेल ८ ते साडेदहा टक्क्यांपर्यंत चालतं. त्या दोन आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम पडतं आणि क्लोराइडपुढे ते जास्त टिकतं. पण घरात ३१६ ची ताटं घेणं ही निव्वळ उधळपट्टी.

निकेल महाग, म्हणून त्याच्या जागी मँगनीज घालून २०० च्या मालिकेतलं स्टील बनतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते १० टक्के. जे-फोरमध्ये निकेल जेमतेम एक टक्का उरतं आणि क्रोमियमही कमी होतं, बदल्यात थोडं तांबं घालतात. दुकानात '२०२' म्हणून मिळणारा माल बरेचदा हाच असतो. हे स्टील विषारी आहे असं नाही. कोरड्या डाळ-तांदळाचे डबे, पाण्याचे पेले, रोज घासून पुसून ठेवायची ताटं यांना ते वर्षानुवर्षं पुरतं. ताकाची बरणी, चिंचेचा कोळ, सोलकढीचं पातेलं, मीठ लावून ठेवलेले मासे यांना मात्र ३०४ च हवं. आणि लोणचं? ते ३०४ मध्येही मुरवू नये. त्यासाठी चिनी मातीची बरणी किंवा काच.

४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतं, क्रोमियम १६ ते १८ टक्के. यालाच १८/० म्हणतात. स्वस्त चमचे याचेच. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हे उलट सोयीचं. सुरीचं पातं आणखी वेगळं, ४२० जातीचं: धार टिकावी म्हणून कार्बन जास्त आणि क्रोमियम १२ ते १४ टक्केच. एकाच संचातल्या चमच्यांवर काही नाही आणि सुरीवर तांबूस ठिपके, याचं कारण हेच. सुरी ओली ठेवू नये, बस्स.

आता लोहचुंबक. 'चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४' हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच खरा आहे. ४३० ला चुंबक घट्ट चिकटतं, पण २०२ आणि जे-फोरलाही ३०४ सारखंच चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चं खोल डबा-पातेलं प्रेसमध्ये ओढलेलं असेल, तर कोपऱ्यांवर आणि काठावर चुंबक थोडं ओढलं जातं, कारण ओढताना तिथली स्फटिकरचना बदलते. म्हणजे चुंबकाने फक्त ४०० ची मालिका ओळखू येते. मँगनीज ओळखायला भंगारवाले आणि पत्र्याचे व्यापारी टेस्टिंगचं द्रावण वापरतात: पत्रा पुसून एक थेंब टाकायचा, २०० च्या मालिकेवर तो थोड्या वेळात लालसर होतो. डाग राहतो, म्हणून भांड्याच्या बुडाखाली करावं. लेझरने कोरलेल्या '३०४' वर विसंबू नये, ते कोणीही कोरतो. बिलावर ग्रेड लिहून मागावा आणि आयएसआय खूण बघावी. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे मानक आहे.

शिजवायच्या भांड्यात ग्रेडइतकीच जाडी महत्त्वाची. स्टील उष्णता फार हळू पसरवतं, ॲल्युमिनियमच्या साधारण पंधराव्या हिश्श्याने. म्हणून २४ गेजच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड पातेल्यात दूध बुडाला लागणारच. ट्रायप्लायमध्ये, म्हणजे तीन थरांच्या पत्र्यात, आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर ४३० असतं. बाहेरचं ४३० इंडक्शन चालावं म्हणून, ती फसवणूक नव्हे.

मीठ थंड पाण्यात घालू नये. ते तळाशी बसतं आणि बरोबर तिथेच खड्डे पाडतं. पाणी उकळल्यावर घालून ढवळावं. बुडाला आलेली इंद्रधनुषी झाक म्हणजे जास्त तापल्याने जाड झालेला तोच पापुद्रा, आणि पांढरे डाग बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचे. दोन्ही व्हिनेगरने जातात. लोखंडी तारेची घासणी वापरली तर तिचेच कण भांड्यावर रुततात आणि ते गंजतात, शिव्या मात्र भांड्याला बसतात. हँडल वेल्डिंगचं असेल तर सांध्याभोवतीची निळसर-काळी कड घेण्याआधीच बघून घ्यावी. ती घासून साफ केलेली नसेल तर पहिला गंज तिथेच दिसतो.

नवीन भांड्यावर पॉलिशची काळी पेस्ट राहिलेली असते, नुसत्या साबणाने ती पूर्ण निघत नाही. कापसाचा बोळा खाद्यतेलात बुडवून आतून फिरवावा, विशेषतः काठाच्या दुमडीत. बोळा काळा येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग बेसन चोळून कोमट पाणी आणि साबणाने धुवावं, आणि पहिल्यांदा त्यात नुसतं पाणी उकळून ओतून द्यावं.