पंधरा गोळ्यांचा महिना : माझा अनुभव

आशाताईंनी तिशीपुढच्या सर्वांचे फॉर्म घरोघरी जाऊन भरले, त्यात आईचा रक्तदाब १६६/९८ निघाला. पुढची तपासणी, उपचार कार्ड आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी हे सारे प्राथमिक आरोग्य केंद्रात एका सकाळीच झाले. ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. अडले ते औषधाच्या खिडकीवर.

कार्डावर डॉक्टरांनी ३० दिवसांचे औषध लिहिले होते. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने एक पट्टी अखंड ठेवली, दुसरी कात्रीने मधोमध कापली आणि ‘साठा कमी आहे, पंधरा दिवसांनी या’ असे म्हणत पुढच्याचा कागद ओढला. गावातून सकाळी एकच एसटी, आणि गेले की आईची खुरपणीची हजेरी बुडते. तिने कोणालाही न सांगता दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली. महिन्याने दाब १७०/१०० भरला, तेव्हा डॉक्टर टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची दुसरी गोळी जोडण्याच्या बेतात होते. मी पिशवीतली कापलेली अर्धी पट्टी समोर ठेवली म्हणून खरा प्रकार उघड झाला. रिकाम्या पट्ट्या फेकू नयेत, त्या सोबत न्याव्यात, हे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो.

अधिक संताप याचा, की उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात ज्या चार जिल्ह्यांत प्रथम आला त्यांत आमचा सातारा होता, आणि ३० दिवसांचे औषध घराजवळ मिळावे हा त्यातला मुख्य मुद्दाच आहे. डॉक्टरांनीच मग समजावले की पुढची मागणी मागच्या खपावरून नोंदवली जाते. अर्ध्या गोळ्या दिल्या की खपही अर्धा दिसतो आणि साठा पुन्हा तोकडाच येतो. हे ठाऊक असूनही खिडकीवर कात्री चालतच होती!

शेवटी त्यांनी आईचे नाव उपकेंद्राच्या यादीत घालून दिले. आता समुदाय आरोग्य अधिकारी गावातच दरमहा तीन अखंड पट्ट्या देतात. गेल्या वेळी दाब १३४/८४ होता.

एक सांगायचे राहिले : एसटीतून उतरून लगेच दाब मोजू देऊ नये, पाच मिनिटे शांत बसावे, त्याआधी अर्धा तास चहाही घेऊ नये. आणि या गोळीने घोट्यांवर सूज आली, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. शेजारच्या काकूंनी ती परस्परच बंद केली होती.