तुम्ही विचारलंत म्हणून : हिब्रूतलं ‘आहे’ कुठे गेलं?

नवऱ्याच्या संशोधनापायी इस्रायलमध्ये, बीरशेबाला, तीन वर्षं काढली. हे कळलं की लग्नकार्यात असो नाहीतर सोसायटीच्या जिन्यात, पुढचा प्रश्न ठरलेला: “हिब्रू म्हणजे ती उलटी लिहितात तीच ना? कशी काय जमली हो तुम्हाला?” परवा धाकट्या जावेच्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा नवरा हैफाला चाललाय. ती म्हणाली, “ताई, शब्द मी पाठ करीन, वाक्य कसं करायचं तेवढं सांगा.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मुद्द्याचं विचारलं. म्हणून हे लिहायला बसले.

उलट्या, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायच्या, लिपीचं आधी उरकते. बावीस अक्षरं, त्यातल्या पाचांचं रूप शब्दाच्या शेवटी आलं की बदलतं. दोन आठवड्यांत होतं. खरा छळ स्वरांचा, कारण रोजच्या लिखाणात बरेचसे स्वर लिहीतच नाहीत. समेख, पे, रेश अशी तीन अक्षरं दिसली तर ते ‘सेफेर’, म्हणजे पुस्तक असेल, नाहीतर ‘सापार’, म्हणजे न्हावी. कुठलं ते वाक्य सांगतं. म्हणजे वाचायला येण्यासाठीसुद्धा वाक्यच आधी यायला हवं.

मी उल्पानला जात होते. उल्पान म्हणजे बाहेरून आलेल्यांना हिब्रू शिकवणारा वर्ग. पहिला १९४९ साली जेरुसलेममध्ये निघाला, आता गावोगावी आहेत. तिथे हिब्रू हिब्रूतूनच शिकवतात, इंग्रजीचा शब्द नाही. तरी माझ्या डोक्यात इंग्रजी होतीच. परकी भाषा म्हटलं की ती इंग्रजीच्या दारातून आत येणार, ही आपल्या शाळांनी लावलेली सवय. माझ्या बाकावर एक रशियन बाई होती. मी ‘अनी’ म्हणजे ‘मी’ लिहून पुढे ‘आहे’ला काय म्हणतात ते शोधत बसे, तोवर तिची चार वाक्यं लिहून होत. कारण वर्तमानकाळात हिब्रूला ‘आहे’ लागतच नाही. ‘अनी मोरा’, मी शिक्षिका. ‘अनी मे-होदू’, मी भारतातली. संपलं वाक्य. रशियनमध्येही तसंच असतं म्हणे, त्यामुळे तिला त्यात काही नवल नव्हतं.

आणि मराठीत? “मी पुण्याची.” “हा माझा भाऊ.” “नाव काय गं तुझं?” यातल्या एकाही वाक्यात ‘आहे’ नाही आणि कुणाचं काही अडत नाही. ‘झे आख शेली’, हा भाऊ माझा. मला हे दिसायला दोन महिने लागले. तेही आपोआप दिसलं नाही.

जुलैचा महिना होता. बीरशेबा वाळवंटाच्या तोंडावर, आणि वर्गातला एसी बंद पडलेला. मी बाईंना सांगायला गेले की मला गरम होतंय. मनात इंग्रजी वाक्य जुळवलं, त्याचे तुकडे हिब्रूत घातले आणि ठणकावून म्हणाले, “अनी खामा!” मागच्या बाकावरची दोन अर्जेंटिनी पोरं वहीत तोंड घालून हसायला लागली. बाईंनी शांतपणे फळ्यावर लिहिलं: ‘खाम ली’. गरम मला. ‘अनी खामा’चा अर्थ काय होतो ते मधल्या सुटीत रशियन बाईने कानात सांगितलं. तो इथे लिहीत नाही, पण लग्न झालेल्या बाईने भर वर्गात जाहीर करायची ती गोष्ट नव्हे.

घरी येताना बसमध्ये डोक्यात किडा वळवळत होता. अगं, मराठीत तरी कुठे म्हणतो आपण ‘मी गरम आहे’? ‘मला गरम होतंय’ म्हणतो! ‘मला’. ‘ली’. त्या रात्री एका कागदावर मांडत गेले. कार ली, मला थंडी वाजते. काशे ली, मला अवघड जातं. एन ली झ्मान, मला वेळ नाही. येश ली आख, मला भाऊ आहे. इंग्रजीतला माणूस भाऊ, वेळ, पैसे सगळं ‘बाळगतो’. हिब्रूत बाळगण्याचं तसं क्रियापदच नाही. भाऊ ‘असतो’, आणि तो ‘मला’ असतो, आपल्यासारखाच. क्रम तेवढा वेगळा: आहे मला भाऊ. जात्यावरच्या ओवीत बसेल असा.

तेव्हापासून मी इंग्रजी मधून काढून टाकली. मग दिसलं की निम्मं काम आईनेच लहानपणी करून ठेवलंय. बाई म्हणते ‘अनी लोमेदेत’, बुवा म्हणतो ‘अनी लोमेद’. मी शिकते, मी शिकतो. वर्गातले अमेरिकन हे तक्ते करून पाठ करत, आणि तरी पुरुष स्वतःला बाईचं क्रियापद लावत. मला ते चुकवताच येईना. भूतकाळात मात्र मी फसले. ‘लामादती’ म्हणजे शिकलो आणि शिकलेही. ‘शिकले’साठी वेगळं रूप मी कितीतरी दिवस शोधत होते, ते नाहीच.

‘एत’ नावाचा एक छोटा शब्द आहे, त्याच्याशी सगळे झगडतात. कर्म ठरावीक असेल तरच त्याच्या आधी तो येतो. ‘अनी रोआ याल्दा’, मला कुठलीशी मुलगी दिसते. ‘अनी रोआ एत हा-याल्दा’, ती ठरावीक मुलगी दिसते. मी याचा अर्थ असा लावला: ‘मुलगी बघायला’ जाणं वेगळं आणि ‘मुलीला बघायला’ जाणं वेगळं. पहिल्यात कांदेपोहे असतात, दुसऱ्यात मुलगी आजारी असते. जोड तंतोतंत नाही, कारण आपला हा ‘ला’ बहुतेक सजीवांनाच लागतो आणि ‘एत’ पुस्तकालाही लागतो, पण कान तयार झाला. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांना हा ‘एत’ फालतू वाटायचा, ते स्वतःच्या लिखाणातून तो गाळायचे. त्यांना चाललं. आपण गाळला तर परीक्षेत गुण जातात.

जिथे मराठी कामी येत नाही अशा जागाही आहेत. एक ‘हा’. नामाला चिकटून आला की वस्तू ठरावीक होते, आणि विशेषण मागून येतं, तेही स्वतःचा ‘हा’ घेऊन. आमच्या गच्चीवरचा ‘दूद’ बिघडला, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा बंब. तिथे घरोघरी असतो. घरमालकाला फोन करून मी म्हणाले, “हा-दूद हा-मेकुलकाल.” पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “नू?”, म्हणजे ‘बरं, मग?’ मी तेच पुन्हा, मोठ्याने. पुन्हा “नू?” त्याला ऐकू येत होतं: तो बिघडलेला बंब... तो बिचारा पुढच्या वाक्याची वाट बघत होता. दुसरा ‘हा’ काढला, ‘हा-दूद मेकुलकाल’ म्हटलं, की झालं: बंब बिघडलाय. ‘आहे’ नाही म्हणतात ना, तर तो असा, दुसरा ‘हा’ नसण्यात बसलेला असतो. त्या दिवशी आम्ही गार पाण्याने अंघोळी केल्या.

दुसरी अडचण ‘तुम्ही’ची. बाईला ‘अत’, बुवाला ‘अता’, मग ती शेजारची पोर असो की साठीच्या बाई. आदरार्थी काही नाहीच. माझ्या जिभेवर ‘अत’ येईना. एकदा बाईंना मी अनेकवचनी ‘अतेम’ म्हणून बसले. त्यांनी मागे वळून पाहिलं, आणखी कोण उभं आहे ते.

उरलं ते पटापट. कर्म शेवटी येतं: ‘अनी शोता मायिम’, मी पिते पाणी. आपले ‘घरात’, ‘घराहून’मधले प्रत्यय तिथे शब्दाच्या आधी चिकटतात: ‘बा-बायित’, ‘मेहा-बायित’. अशा चिकटणाऱ्या सात अक्षरांसाठी तिथल्या शाळांत ‘मोशे वे-कालेव’ अशी खूण आहे, या दोन नावांत सातही येतात. आणि दवाखान्याला ‘बेत खोलीम’ म्हणतात, आजाऱ्यांचं घर. रुग्णालयच की, फक्त आलय आधी.

मराठीतून हिब्रू हा काही माझा शोध नाही. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं होतं, ते मुख्यतः बेने इस्रायलींसाठी. बेने इस्रायली म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या सुटीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत. त्यातले बरेच १९४८ नंतर तिकडे गेले. बीरशेबाहून अर्ध्या-पाऊण तासावर दिमोना आहे, तिथे भाजीच्या दुकानात मराठी कानावर पडते. तिथल्या एका आजींकडे मी महिन्यातून एकदा जायचे. मूळच्या पेणकडच्या. व्याकरण त्यांनी कधी शिकवलं नाही. मलिदा खायला घालायच्या, नारळ महाग झाल्याची तक्रार करायच्या, सुनेबद्दल बोलायच्या. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी बोलता बोलता शाल ओढून म्हणाल्या, “कार ली गं, ती खिडकी लाव जरा.” मी उठून लावली.