आज इथंच थांब

१९७२ साली मी सातवीत होतो आणि आमच्या शाळेच्या बोर्डिंगच्या कोठीची किल्ली माझ्या गळ्यात असायची. हिशोबाला बरा म्हणून गुरुजींनी ते काम मला दिलं होतं. सकाळी आचाऱ्याला मिलो, म्हणजे रेशनची परदेशी ज्वारी, मापून द्यायचा, वहीत मांडायचं, रात्री प्रार्थनेआधी गुरुजींची सही घ्यायची. एवढंच काम. पण त्या वर्षी नगर जिल्ह्यात धान्याच्या कोठीची किल्ली जवळ असणं म्हणजे काय, ते त्या दिवसांतून गेलेल्यांनाच ठाऊक.

आताच्या मुलांसाठी थोडं सांगतो. आधीची दोन वर्षंही पाऊस धड नव्हता, त्या वर्षी तर त्यानं पाठच फिरवली. विहिरींचे तळ दिसू लागले. जनावरं छावणीत गेली, नाहीतर मिळेल त्या भावात गेली. माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापतानाच चिरायची आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसायची. तरी तिच्यावर दिवस निघाले. माझे आईवडील दोघंही तलावाच्या कामावर माती वाहत होते. दोन धाकट्या बहिणी कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर, त्या कोरड्या खाऊवर, जगत होत्या. मला मात्र बोर्डिंगात दोन वेळा जेवण होतं, आणि ताटावर बसलं की रोज त्या दोघी आठवायच्या.

गुरुजींनी त्या वर्षी रात्रीच्या प्रार्थनेला बायबलातली योसेफाची गोष्ट लावली. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सदतिसाव्या अध्यायापासून पुढे, रोज थोडी थोडी. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं, तो खड्डा कोरडा होता, त्यात पाणी नव्हतं, हे वाचल्यावर गुरुजी थांबले आणि आम्ही सगळे एकदमच खिडकीबाहेर बघू लागलो. शाळेची विहीर तशीच होती. पुढची ओवी अशी, की त्याला खड्ड्यात टाकून भाऊ जेवायला बसले. उपाशी मुलांना ती ओवी जशी कळते तशी इतरांना कळत नसावी. माझ्या शेजारच्या मुलानं हळूच विचारलं, "त्याला ओरडता येत नव्हतं का?" गुरुजींनी ऐकलं. म्हणाले, "आत्ता नाही सांगत. सापडेल तुम्हाला."

सापडलं ते बेचाळिसाव्या अध्यायात. वीसेक वर्षांनी तेच भाऊ धान्य मागायला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, येतात, अडचणीत सापडतात आणि आपसात म्हणतात, तो आपल्याला काकुळतीनं विनवत होता तेव्हा आपण ऐकलं नाही. खड्ड्यातलं त्याचं रडणं सदतिसाव्या अध्यायात नाहीच. इतकी वर्षं ते भावांच्या मनात जपून राहिलं होतं. आजही ही ओवी वाचताना मला थांबावं लागतं.

एकदा गुरुजींनी आम्हाला काम दिलं. "सदतीस ते पन्नास, या अध्यायांत देव योसेफाशी कुठे कुठे बोलला ते शोधून आणा." आम्ही चार दिवस शोधत होतो. अब्राहामाशी देव बोलतो, इसहाकाशी बोलतो, याकोबाशी बोलतो, तेव्हा योसेफाशीही कुठेतरी बोलला असणारच. सापडलं ते एकच ठिकाण, शेचाळिसाव्या अध्यायात, बैरशेब्याला. तिथंही देव बोलतो तो योसेफाच्या म्हाताऱ्या बापाशी, याकोबाशी. योसेफाला सतराव्या वर्षी दोन स्वप्नं पडली, बस्स. त्यानंतर त्याला विकलं, ज्यानं विकत घेतलं त्या पोटीफराच्या बायकोनं त्याच्यावर आळ घेतला, तुरुंगात टाकलं, आणि तिशीत मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहीपर्यंत त्याला देवाचा आवाज आल्याचं एका अक्षरानंही लिहिलेलं नाही.

"मग एकोणचाळिसाव्या अध्यायात काय लिहिलंय?" गुरुजींनी विचारलं. परमेश्वर योसेफाबरोबर होता. चार वेळा आहे ते, दोनदा पोटीफराच्या घरात आणि दोनदा तुरुंगात. गुरुजी म्हणाले, "पोरांनो, हे तुम्हाआम्हाला सांगितलंय. तुरुंगात जाऊन योसेफाच्या कानात कुणी सांगितल्याचं लिहिलेलं नाही. तो ते न ऐकताच तसा वागला."

बाराव्या वर्षी मला यातलं फारसं कळलं नाही. कळलं ते त्याच महिन्यात, आणि गुरुजींकडून नाही.

एका रविवारी आई कामावरून अकरा मैल चालत मला भेटायला आली. पायात काही नव्हतं. धाकटीला ताप होता, हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला वडाखाली बसवलं, कोठी उघडली, दोन शेर मिलो पिशवीत भरला आणि तिच्यापुढे ठेवला. वहीत काय लिहायचं तेही मनात ठरवून टाकलं होतं. आईनं पिशवीला हात लावला नाही.

"गुरुजींला इचारलं का?"

मी गप्प. ती उठली, पिशवी उचलली आणि मला हाताला धरून थेट गुरुजींच्या खोलीवर गेली. दारातच म्हणाली, "ह्यानं माझ्यासाठी घेतलं, गुरुजी. त्याला मारू नका. पर हे तुमचं." गुरुजींनी पिशवी घेतली आणि माझ्याबरोबर येऊन ती कोठीत रिकामी केली. किल्ली परत मागून घेतली नाही. मग त्यांनी आपल्या घरातल्या डब्यातली ज्वारी आईच्या पदरात ओतली. किती होती ते मी पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून गुरुजींच्या घरी एकच वेळ चूल पेटू लागली, हे आम्हा मुलांना धुरावरून कळलं.

गुरुजींची आजी दौंड तालुक्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. दुष्काळात उपाशी सापडलेल्या मुलींना रमाबाईंनी तिथं आणलं, त्यांतली ती एक. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. गुरुजी हे सांगायचे तेव्हा नेहमी एक जोडायचे, "भुकेनं ज्यांचं घर नेलं त्यांच्याच हातानं देवानं माझ्या आजीला जेवू घातलं." फारोच्या कोठारांचा अध्याय आला, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायचा हे योसेफानं सांगितलं, त्या रात्री ते पुन्हा हेच बोलले. त्यांच्यासाठी ती गोष्ट फक्त मिसरातली नव्हती.

१९७६ साली मी दहावी होऊन बाहेर पडलो. नोकरी लागली तीही पुन्हा कोठीचीच: एका तालुक्याच्या धान्यगोदामात गोदामपाल. आईला फार आनंद झाला होता. एकदा चलनावर शंभर पोती आणि ट्रकमध्ये अठ्ठ्याऐंशी, अशी गाडी आली. शंभरावर सही करण्यासाठी माझ्या टेबलाच्या खणात एक पाकीट ठेवलं गेलं. तेव्हा माझी मुलगी दवाखान्यात होती आणि ते पाकीट ठेवणाऱ्यांना माहीत होतं. मी खोटं सांगणार नाही, पाकीट खणात रात्रभर राहिलं. रात्रभर मला वडाखालची पिशवी दिसत होती आणि आईचा "इचारलं का?" ऐकू येत होता. सकाळी पाकीट परत केलं आणि चलनावर बारा पोत्यांची तूट लिहिली.

सहा महिन्यांनी माझ्याच गोदामात तूट निघाली. ती कशी निघाली हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्याच्या डब्यातलं मी रोज खाल्लं होतं त्यानं जबाब दिला की किल्ल्या फक्त माझ्याकडे असत. निलंबन झालं. विभागीय चौकशी तीन वर्षं चालली. सुरुवातीला अर्ध्या पगाराएवढा निर्वाह भत्ता, तोही वेळेवर नाही. चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. त्या तीन वर्षांत मी देवाला पुष्कळ विचारलं, आणि उत्तर आल्याचं मला एकदाही जाणवलं नाही. भक्ती कमी पडली म्हणून असं झालं, असंही काहीजण घरी येऊन सांगून गेले. ते मला आजही पटत नाही, आणि कुणाच्या दुःखात कुणी असं बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

आई तेव्हा आमच्याकडेच असायची. तिला वाचता येत नव्हतं. रोज संध्याकाळी मला समोर बसवून ती योसेफाची गोष्ट वाचायला लावायची. मी फारोच्या दरबारापर्यंत पोचायची घाई करायचो. मला ते ऐकायचं असायचं, अंगठी, तलम कपडे, रथ. आई थांबवायची. तुरुंगापर्यंत आलं की म्हणायची, "आज हितंच थांब." दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून सुरू. एकदा मी चिडून म्हणालो, आई, पुढे तो सुटतो, ते तरी ऐक. ती म्हणाली, "त्याला कुठं ठावं होतं पुढचं? त्याच्यासंगं बसू की थोडं."

असं आम्ही किती संध्याकाळी त्या तुरुंगात बसलो. हळूहळू मला तिथं बसता येऊ लागलं. निकाल लागेल की नाही हा विचार संपला असं नाही, पण तो उशाशी घेऊन झोप लागू लागली. योसेफ तुरुंगात इतर कैद्यांची देखभाल करायचा, सकाळी त्यांचे उतरलेले चेहरे बघून "आज असे का दिसता?" असं विचारायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. स्वतः आळ सोसत असताना त्याला दुसऱ्याचा चेहरा दिसत होता. मग मीही निलंबित लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागलो. त्या वर्षांत बरेच लिहिले.

आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चाळिसाव्या अध्यायाच्या शेवटच्या ओवीवर थांबलो होतो. तुरुंगातून सुटलेल्या प्यालेबरदाराला, फारोला प्याला देणाऱ्या त्या सेवकाला, योसेफाची आठवण राहिली नाही, तो त्याला विसरला. त्यानंतर आठ महिन्यांनी दोषमुक्तीचा आदेश आला. तो आणणाऱ्या शिपायाला मी चहा दिला, बायकोनं दिवा लावला. मग आईच्या खाटेपाशी बसून मी एकेचाळिसावा अध्याय काढला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: दोन पुरी वर्षं लोटल्यावर.