गेजवरचा दाब, रेझिनमधला दाब

नागपूर, मे महिना, रात्र

कॉम्पोझिट प्लेटमध्ये बुडबुडे (व्हॉइड) का राहतात, त्याच्या मॉडेलमध्ये आज दिवसभर एकच आकडा बदलत बसले: आर्द्रता. कार्डोस आणि सहकाऱ्यांचं १९८६ सालचं समीकरण दिसायला अगदी साधं. इपॉक्सी प्रीप्रेगने (म्हणजे इपॉक्सी रेझिन आधीच भिनवलेल्या फायबरच्या थरांनी) जेवढ्या दमट हवेत ओल शोषली असेल, त्या प्रमाणात क्युअरच्या वेळी, म्हणजे उष्णतेने रेझिन कडक होताना, रेझिनमध्ये दाब टिकायला हवा. तो कमी पडला की वाफेचा बुडबुडा फुगणारच. १८० अंश सेल्सिअसला २० टक्के आर्द्रतेसाठी साधारण २ अॅटमॉस्फिअर, ५० टक्क्यांना ५, ८० ला ८.

म्हणजे आपल्यासाठी मे बरा, श्रावण वाईट? बाहेरचं ऊन बघून तसंच वाटतं. पण लॅबमध्ये डेझर्ट कूलर धो-धो पाणी उडवतोय! हवामान खात्याचा आकडा इथे कामाचा नाही. प्रीप्रेग जिथे उघडं पडतं तिथली हवा धरायची. कूलर बंद करू या म्हटलं, तर अटेंडंट काका म्हणाले, "मग मी चाललो घरी, मॅडम."

डोकं खरं खाल्लं ते दाबाने. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखाली तापवणाऱ्या भट्टीच्या) गेजवर ७ बार दिसले म्हणजे रेझिनला ७ बार मिळाले असं मुळीच नाही. रेझिन ब्लीडरमध्ये (जादा रेझिन शोषणाऱ्या थरात) झिरपत जातं, फायबरचे थर एकमेकांवर टेकतात आणि भार तेच उचलू लागतात. रेझिनमधला दाब उतरतो, तोही नेमका तापमान चढत असताना. जितकं जास्त ब्लीड, तितकं फायबरचं प्रमाण चांगलं आणि व्हॉइडचा धोकाही मोठा. पहिली गोष्ट सगळे सांगतात, दुसरी कुणी फारशी बोलत नाही.

ओल काढायची तर आधीच, कमी तापमानाला, रेझिन पातळ असताना आणि थरांमधून व्हॅक्यूमला वाट असताना. ६० अंशांवर ८० टक्के आर्द्रतेची ओलसुद्धा ०.२ अॅटमॉस्फिअरपेक्षा कमी दाब मागते. चांगला व्हॅक्यूम त्याच्याही खाली जातो, म्हणून ओल वाफ होऊन बाहेर ओढली जाते. एकदा जेल झालं, म्हणजे रेझिन थिजलं, की आत राहिलं ते राहिलं. (फिनॉलिक रेझिन वापरणाऱ्यांचं दुखणं निराळंच. तिथे पाणी क्युअरच्या रासायनिक क्रियेतच सुटतं, खोली कितीही कोरडी ठेवा.)

उद्याच्या प्लेटला ब्लीडरचा एकच थर लावणार आहे. फायबरचं प्रमाण जरा कमी भरेल, सर कुरकुरतील. कुरकुरू देत.