सूर तोक्योचा की ओसाकाचा? आधी मात्रा सांभाळा

परवा इथे ओसाकात कचेरीत जेवताना ‘हाशि’ या जपानी शब्दाच्या सुरावरून वाद रंगला. तोक्योच्या सहकाऱ्याने ‘हा’ उंच, ‘शि’ खाली असं म्हटलं, म्हणजे जेवायच्या काड्या. इथल्या ओसाकावाल्यांच्या तोंडी अगदी त्याच सुरात त्याचा अर्थ होतो पूल! दक्षिणेकडच्या मियाझाकी प्रांताचा तिसरा शांतपणे म्हणाला, ‘आमच्याकडे दोन्ही सारखेच.’ खरंच, मियाझाकीच्या बऱ्याच भागात, उत्तरेकडे फुकुशिमा-इबाराकी प्रांतांतही, शब्दागणिक ठरलेला चढउतार नाहीच. त्यांचं काही अडत नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण पुण्यात जपानी शिकणारी मुलं मला धास्तीने विचारत असतात, ‘सूर तोक्योचा शिकायचा की ओसाकाचा?’ तोक्योच्या बोलीत शब्दाच्या पहिल्या दोन मात्रांचा, म्हणजे उच्चाराच्या ठोक्यांचा, सूर सारखा नसतो आणि शब्दात सूर एकदा उतरला की पुन्हा चढत नाही. ‘पूल’ आणि ‘कड’ या अर्थांचे ‘हाशि’ तिथे सुटे ऐकले तर सारखेच वाटतात. पुढे ‘गा’ हा प्रत्यय लागला की पुलाचा ‘गा’ खाली येतो, कडेचा वरच राहतो. ऐकून ऐकून कान तयार होतो, त्याची घाई नको.

लांबीचं तसं नाही. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. इथे तोक्यो आणि ओसाका दोघांचं एकमत आहे. ‘जपानी उच्चार आपल्याला सोपे’ हे मी कितीदा तरी ऐकलंय. ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट, ते ‘कच्चा-पक्का’ म्हणणाऱ्या जिभेला सोपंच आहे. पण इ-ई, उ-ऊ यांतला फरक आपण बोलताना पाळतो कुठे? तो शुद्धलेखनापुरता उरलाय.

जपानी माणूस तोक्यो चार ठोक्यांत म्हणतो: तो-ओ-क्यो-ओ. निप्पोन, म्हणजे जपान, हेही चार: नि-प्-पो-न्. अर्ध्या ‘प्’ला आणि शेवटच्या ‘न्’लाही अख्खा ठोका मिळतो. हायकूचे ५-७-५ म्हणजे हेच ठोके. शाळेत लघु-गुरु मोजलेल्यांना हे परकं वाटू नये. जोडाक्षराआधीचा ‘नि’ आपल्याकडेही दोन मात्रांचाच की! फक्त आपले ए-ओ कायम दीर्घ असतात, जपानीत ते ऱ्हस्वही असतात. शिवाय जपानी अक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलाय, याचा मला मनापासून अभिमान आहे.

म्हणून मुलांनो, सुराच्या वह्या भरण्याआधी टाळी वाजवून मात्रा मोजा. मी तेच करतो, आणि माझ्या तोक्योच्या सुराला ओसाकात अजून कुणी हरकत घेतलेली नाही.